पुढलं पान कवा?

शाळेबद्दल पालकांना काय वाटतं, हे मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाच लेखी विचारलं. तेही स्वतःहून नाही, वरून कागद आला म्हणून. एरवी आम्हा प्राथमिक शिक्षकांना विचारायची गरजच पडत नसे. वाटेत भेटलेली माणसं आपण होऊन सांगत. "बाई, पोरगं घरी पाढं म्हणाया लागलंय," हे झालं कौतुक. "बाई, काल शाळा लवकर सुटली का वो?" ही झाली तक्रार. एखाद्या आईनं वर्गाच्या दारात काही न बोलता कोथिंबिरीची जुडी ठेवली, की समजायचं, पोरगं वाचायला लागलं.

तेव्हा माझी शाळा आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका वाडीत होती. वाडीचं नाव मुद्दामच सांगत नाही. माणसं अजून आहेत तिथं, आणि दिवाळी अंक तिकडेही वाचला जातो. मी राहायला अवसरी बुद्रुकला. सकाळच्या एसटीनं फाट्यापर्यंत, तिथून ओढा ओलांडून वीस-पंचवीस मिनिटांची चाल. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रा. वर्ग चार आणि शिक्षक दोन. चार वर्ग दोघांनी कसे शिकवायचे, असं शहरातले लोक विचारतात. एका वर्गाला शुद्धलेखन घालायचं, तोवर दुसऱ्याला वजाबाकी शिकवायची, आणि एक कान सतत शुद्धलेखनवाल्यांकडे ठेवायचा, कारण तिथं कुणीतरी कुणाची तरी पाटी पुसत असतं. सवयीनं जमतं. आणि सगळ्यांचं सगळं होत नाही, हेही सवयीनंच अंगवळणी पडतं. ते पडायला नको होतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझे जोडीदार कोंडे गुरुजी निवृत्तीला आले होते. आवाज असा, की त्यांनी वर्गात कविता सुरू केली की ओढ्यापलीकडे खुरपणाऱ्या बायका तिथूनच पुढची ओळ म्हणायच्या. त्याही त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाजाराच्या गावी इंग्रजी शाळा निघाली आणि तिची जीप आमच्या फाट्यावर येऊन हॉर्न वाजवायला लागली. आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे आमच्या शाळेत नाहीच. पहिल्या वर्षी दोन मुलं गेली, दुसऱ्या वर्षी पाच. पट आणखी खाली गेला असता तर दोन शिक्षकांतली एक जागा जाणार होती. एका शिक्षकाची शाळा म्हणजे तो मीटिंगला गेला की त्या दिवशी कुलूप. गावाला हे माहीत होतं, पण ज्याला त्याला आपलं मूल होतं.

अशात तालुक्याहून तो कागद आला. 'शाळेविषयी पालकांचे अभिप्राय.' दहा प्रश्न, खाली सही किंवा अंगठा. दिवाळीच्या सुट्टीआधी भरून द्यायचे. मुलांच्या हाती घरोघर पाठवले आणि आठवड्यात परतही आले. कोंडे गुरुजी आणि मी दुपारच्या सुट्टीत ओसरीवर वाचत बसलो.

बहुतेक कागदांवर अक्षर मुलांचंच. आईबाप सांगणार, मूल लिहिणार. 'शाळेत काय आवडते?' याचं निम्म्याहून जास्त घरांनी उत्तर दिलं होतं, 'तांदूळ.' तेव्हा हजेरी पुरेशी भरली की मुलाला महिन्याचा तांदूळ घरी मिळायचा. एकानं लिहिलं होतं, 'बाई मारत नाहीत, मारले पाहिजे.' बाकी सगळीकडे चांगली, चांगली, उत्तम. गुरुजी हसून म्हणाले, "बाई, आपण एवढे चांगले असू हे मला माहीत नव्हतं. मग ही पोरं जीपमध्ये का चढतात?"

सर्वांत लांब अभिप्राय दत्तूशेठचा होता. दत्तूशेठ वाडीतले मोठे बागायतदार आणि आमच्या ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष. सुंदर वळणदार अक्षरात त्यांनी पाठपोट मजकूर लिहिला होता. या शाळेनं आम्हाला माणूस केलं, गुरुजींचे ऋण फिटणार नाहीत, वगैरे. तो वाचून गुरुजींनी चष्मा काढून पुसला होता. पुढच्याच सोमवारी दत्तूशेठ स्वतः शाळेत आले. धाकट्याचा दाखला हवा होता. मुलगा दुसरीत, हुशार.

मी म्हणाले, "शेठ, तुम्ही तर एवढं चांगलं लिहिलंत."

"मग खोटं लिवलं का काय? ओझरच्या गणपतीची आण, एक शब्द खोटा न्हाई." ते ओसरीच्या कडेला बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, गेल्या म्हयन्यात पुण्याला द्राक्षवाल्यांची मीटिंग झाली. भाईरच्या देशात माल कसा पाठवायचा, त्याची. दोन घंटं इंग्रजीत बोललं राव सगळं. मी हसायचं तिथं हसलो, मान हलवायची तिथं हलवली. भाईर आल्यावर डायवरनं इचारलं, काय ठरलं शेठ? मला सांगता आलं न्हाई."

गुरुजींनी दाखल्याचं पुस्तक काढलं. त्यांनी सही केली आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या मुलाचं पुढं काही वाईट झालं असं कुणी समजू नये. चांगलंच झालं. पण आमचा पट एकानं उतरला.

उरलेला गठ्ठा लावताना तळाशी एक चुरगळलेला कागद निघाला. दहा प्रश्नांना धरून काही लिहिलेलंच नव्हतं. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं, काना-मात्रा जागा मिळेल तिथं देत, लिहिलं होतं:

'शाळा चांगली न्हाई. बाई चांगल्या हायेत. पोरगी चार म्हयने शाळंत. दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन खाली जातो. मिरगाला येतो. बाई परत पयलं पान काडत्यात. पोरगीला पयलं पान पाठ हाय. पुढलं पान कवा.'

खाली अंगठा. हिराबाईचा.

हिराबाईचं घर वाडीच्या टोकाला, माळावर. मेंढरं राखणारं कुटुंब. त्यांच्या भावकीतल्या बऱ्याच जणांनी मेंढरं विकून शेती धरली होती. हिराबाई आणि तिच्या नवऱ्यानं धरली नव्हती. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून ती निघत, ओतूरकडून माळशेज घाट उतरून मुरबाडच्या बाजूला. शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवायची, तिथंच मुक्काम. त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. सात-आठ महिने असे वाडे हलत राहायचे आणि मृगाला ती परत वर यायची.

तिची मुलगी मंगल. तिचं नाव तिसरीच्या हजेरीत, आणि मी तिला बसवत होते पहिलीच्या मुलांत. आधीच्या जूनमध्येही तिथंच बसवलं होतं, त्याच्या आधीच्याही. आठ महिने शाळेबाहेर राहिलेलं मूल सगळं विसरलं असणार, हे मी धरूनच चालले होते. तिनं कधी तक्रार केली नाही. पाटीवर अ आ इ ई काढायची, दाखवायची, पुसायची; कान मात्र वरच्या वर्गांकडे असणार. आणि आता तिनं आईचं म्हणणं ओळीनं लिहून आणलं होतं. मी पुस्तकात शिकवलेली भाषा ती नव्हती, पण एकही शब्द सुटला नव्हता. माझ्या हातातल्या कागदावर दोन गोष्टी होत्या: आईची तक्रार, आणि ती तक्रार खरी असल्याचा पुरावा.

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब. माणूस भला, आमची जागा टिकावी म्हणून धडपडणारा. त्यांनी गठ्ठा चाळला आणि हिराबाईचा कागद दोन बोटांनी वेगळा काढला.

"हा राहू द्या, बाई. आधीच पट कमी. वर बसलेले लोक चाळीस चांगले कागद वाचणार नाहीत, हा एकच वाचतील. शाळेच्या भल्यासाठीच सांगतोय."

मी तो कागद हजेरीपटात सरकवला. गठ्ठ्याला दोरा बांधला आणि साहेबांच्या पिशवीत ठेवला. शाळेच्या भल्यासाठी, असं मीही मनाशी म्हणाले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी हिराबाई दारात. उंच, सावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू, कडेवर धाकटं मूल. मागं मंगल.

"परवा निघतोय बाई. म्हटलं सांगून जावं." मग तिनं विचारलं, "माजा कागद गेला का वो तालुक्याला?"

'गेला' म्हणायला काय जात होतं? ती काही तालुक्याला जाऊन बघणार नव्हती. शब्द तोंडात आलाही होता. पण मंगल माझ्याकडे बघत होती. लिहिलं तिनं होतं.

"नाही गेला, हिराबाई. मी ठेवून घेतला."

"का?"

"त्यात शाळा चांगली नाही असं होतं म्हणून."

तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ती खरंच गोंधळली. कडेवरचं मूल तिनं दुसऱ्या कडेला घेतलं आणि म्हणाली, "मग तुमी इचारलं कशाला?"

गुरुजी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. त्यांच्या वर्गातली कविता थांबली होती.

मी हजेरीपटातून कागद काढून टेबलावर ठेवला. मग कपाटातून पहिलीचं आणि तिसरीचं पुस्तक घेतलं आणि मंगलला जवळ बोलावलं. तिनं पहिलीचं पहिलं पान घडाघडा म्हटलं, पुस्तकाकडे न बघता. मी तिसरीचं मधलंच एक पान उघडून दिलं. आता ती अडखळली. जोडाक्षराला थांबली, मागं गेली, परत आली. पण बोट सरकत राहिलं. शेवटच्या ओळीला पोचली तेव्हा तिच्या नाकावर घाम आला होता. तिनं आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे बघितलं. मला दोघींकडेही बघवेना.

"हिला पहिलीत बसवलं ही माझी चूक," मी म्हणाले. "तीन वर्षं."

हिराबाई म्हणाली, "बाई, मी काय भांडाया न्हाई आले. मला वाचाया येत न्हाई. पोरीनं शिकावं आसं वाटतं, म्हणून लिवाया लावलं. चांगली हाय म्हटलं आसतं तर तुमाला कसं कळलं आसतं?"

त्या रात्री मी घरी बसून तालुक्याला स्वतंत्र पत्र लिहिलं. हिराबाईचा कागद सोबत जोडला आणि मेंढपाळांच्या मुलांसाठी काही सोय होईल का, असं विचारलं. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. पण मी उत्तराची वाट बघत थांबले नाही, एवढं एक शहाणपण मला सुचलं. हातात एकच दिवस होता. मुलांना चित्रं काढायला लावून गुरुजी आणि मी दुपारभर बसलो. तिसरीच्या पुस्तकातल्या धड्यांवर मी खुणा केल्या: हा वाचायचा, हा लिहायचा, हा सोडला तरी चालेल. गुरुजींनी जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून दाभणानं शिवून जाड वही केली. त्यात गणितं घातली. गणितं करताना त्यांना हुरूप आला. 'एका वाड्यावर एकशे बारा मेंढरं. त्यांपैकी सव्वीस कोकरं. तर मोठी किती?' अशी सगळी.

"म्हणजे पोरीला उगाच आंबे-पेरू मोजायला नकोत," ते म्हणाले.

मी अवसरीच्या पोस्टातून वीस कार्डं आणली आणि प्रत्येकावर माझा पत्ता घातला. धडा झाला की एक कार्ड लिहून टाकायचं, पोस्ट दिसेल तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं बिऱ्हाड शाळेवरून गेलं. घोड्यांवर भांडी, घोंगड्या, कोंबड्यांचे डालगे. मेंढरांनी रस्ता भरून गेला, सगळी शाळा ओसरीवर आली. मंगलनं पुस्तकांचं बोचकं घोड्यावर ठेवू दिलं नाही. स्वतःच्या पाठीला बांधलं होतं.

पहिलं कार्ड पंधरा दिवसांनी आलं. 'बाई नमस्कार. घाट उतरलो. धडा आठ झाला. हातचा इसरते.' मग दर दहा-बारा दिवसांनी एक. शिक्के निरनिराळ्या गावांचे. एकात लांडग्यानं कोकरू नेल्याचं, एकात धड्यातला एक शब्द कळला नाही म्हणून त्याचा अर्थ विचारलेला. मला तो अर्थ कळवता येईना. उत्तर पाठवायला पत्ताच नव्हता. मी कार्ड वर्गात मोठ्यानं वाचायचे, चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायचे आणि ठेवून द्यायचे. चौथीतली मुलं विचारायची, "मंगलचं कार्ड आलं का?" ती कुणाची फार मैत्रीण नव्हती. झाली ती अशी, समोर नसताना.

संक्रांतीनंतर कार्डं थांबली. एक महिना, दोन महिने. हरवली असतील, दवानं भिजली असतील, पोरगी आजारी असेल. घाटाखाली सोयरीक जमवून टाकली असेल, असंही मनात यायचं. लहान वयात लग्नं व्हायची अजून. गुरुजी मला धीर द्यायचे आणि स्वतः रोज पोस्टमनला अडवायचे. एप्रिलअखेर ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात दत्तूशेठनं फार चांगलं भाषण केलं. पण गुरुजींच्या जागी कुणी येईल की नाही, हे जूनच्या पटावर ठरणार होतं, आणि पट हवा त्यापेक्षा तीननं कमी होता. पहिलीत येणारी मुलं मी घरोघर हिंडून मोजली होती. आणखी तीन कुठून आणणार होते?

त्या सुट्टीत मी महाळुंगे पडवळला माहेरी गेले होते. आईच्या ओट्यावर बसून मला आधीच्या शाळांमधली मुलं आठवायची, हजेरीत 'सतत गैरहजर' असा शेरा मारून मी ज्यांची नावं कमी केली होती ती. कुणाचे आईबाप वीटभट्टीवर, कुणाचे ऊस तोडायला. चेहरे आठवत, नावं आठवत नसत. त्यांच्या आयांना मी काही विचारलं नव्हतं. मंगलचं पुढं काय झालं असं लोक विचारतात. ती आजीकडे राहून दहावीपर्यंत शिकली, आणि मी सेवेतून बाहेर पडले तेव्हा बारावीच्या परीक्षेला बसली होती. हे मी कौतुकानं सांगते. त्या बाकीच्यांबद्दल सांगायला माझ्याजवळ काही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिला दिवस, मी एकटीच, ओसरीत नव्या मुलांचं रडणं चाललेलं. साडेअकराच्या सुमारास गलका एकदम कमी झाला म्हणून मी मान वर केली. ओढ्याकडून हिराबाई येत होती. पुढं मंगल, हातभर उंच झालेली, रापलेली. आणि मागं चार मुलं. दोन मुलगे, दोन मुली, सगळ्यांत धाकटं सहा वर्षांचं, मोठी असेल नऊची. एकाच्याही पायात चप्पल नाही.

मी आधी मंगललाच विचारलं. "कार्डं का गं बंद केलीस? जीव टांगणीला लावलास आमचा."

तिनं आईकडे बघितलं. "संपली."

"वीस होती!"

"ह्यास्नी दिली," ती मागच्यांकडे हात करून म्हणाली. "लिवाया कागुद नव्हता. एकेका कार्डावर ह्यांची अक्षरं घेतली. दोनी बाजूंनी."

हिराबाई म्हणाली, "माज्या दिराची दोन हायेत, आन् ही दोन आमच्या संगं वाडा आसतो त्येंची. कदी शाळंत घातली न्हाईत. आई-बाप म्हणलं, आपल्याला कोण घेतंय? मी म्हणलं, चला, बाईंला इचारते. घेत्यात का बगू."

मी हजेरीपट उघडला. नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं. जन्मतारखेशी आले आणि थांबले.

"ह्यो झाला तवा मेंढरं घाटात व्हती," हिराबाई आठवून म्हणाली. "लई पाऊस व्हता. आन् ही शिमग्याला."

आमच्या खात्यात अशा वेळी एक जून लिहायची रीत होती. निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनला आहे तो त्यामुळेच. मी तीच लिहिली, चौघांना. चार नावं झाली. पट हवा त्यापेक्षा एकानं जास्त भरला, आणि महिन्याभरात गुरुजींच्या जागी नवीन शिक्षिका हजर झाल्या. त्या दिवशी मात्र मला ते गणित सुचलंही नाही. मी हिराबाईला बसायला सांगितलं. ती म्हणाली, मेंढरं माळावर हायेत, थांबता यायचं न्हाई. वळून ती ओढ्याकडे चालायला लागलीसुद्धा.

चार मुलं ओसरीच्या पायरीखाली तशीच उभी, आत यायचं की नाही ते न कळून. धाकट्यानं मंगलच्या परकराचा काठ मुठीत धरला होता. मंगलनं त्याची मूठ सोडवली, मडक्यातलं तांब्याभर पाणी घेऊन चौघांचे पाय धुतले आणि एकेकाला आत नेलं. दोघांना पुढच्या, पहिलीच्या बसकरपट्टीवर बसवलं, दोघांना मागच्या, दुसरीच्या. कुणाला काय येतं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.